कर्लीच्या चोणकासाठी गावठी पिसांचे फ्लाय: कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

कर्ली खाडीत नेरूरपारच्या पुलाच्या वरच्या अंगाला आज सकाळी कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांत तीन फ्लाय गेले. फ्लाय म्हणजे गरीवर (गळाच्या आकड्यावर) पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष. तिन्ही बाहेरून मागवलेले, एकेक साडेचारशेचा. चोणक (बारामुंडी मासा) मुळांतच बसतो, त्यामुळे फ्लायही मुळांतच टाकावा लागतो. या भावाने तो परवडणार नाही. आजपासून स्वतः बांधायला घेतोय. खास फ्लाय बांधायचं सामान कुडाळ-मालवणच्या बाजारात नाही. म्हणून कशाच्या जागी काय चाललं आणि काय फसलं ते तारीखवार लिहून ठेवतो. आणखी कुणाला आपल्या खाडीत हे करायचं असेल तर त्याचे निदान माझ्याएवढे दिवस जाऊ नयेत.

बांधायचाय तो लेफ्टीज डिसीव्हर नावाचा फ्लाय. लेफ्टी क्रे या अमेरिकन गृहस्थांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरातल्या पट्टेरी बास माशासाठी तो बसवला. १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने फ्लायांची पाच तिकिटं काढली, त्यात हा आहे. गरीच्या मागच्या टोकाला कोंबड्याची सहा ते दहा लांब पिसं, ती शेपूट. बाजूला थोडी चकाकी. पुढे नेढ्याजवळ गरीभोवती केसांची झालर. पाण्यात तो शेवटा माशाच्या पिल्लासारखा दिसतो. बाहेर काढला की पाणी टाकून काडीएवढा होतो, म्हणून वाऱ्यातही फेकता येतो.

१२ नोव्हेंबर

चिकनच्या दुकानातून पिशवीभर पिसं फुकट मिळाली. एकही कामाचं नाही. ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत कापतात, त्या वयात कोंबड्याला त्याची लांब टोकदार पिसं फुटलेलीच नसतात. सगळी आखूड, गोल टोकाची, वर गरम पाण्यात बुचकळून दांड्या वाकलेल्या. संध्याकाळ गेली.

१७ नोव्हेंबर

पलीकडच्या वाडीत एका घरी राखणदाराला (रक्षण करणाऱ्या देवाला) कोंबडा द्यायचा होता. तिथल्या काकींना आधीच विनंती करून ठेवली होती की पाण्यात घालण्याआधी मला दहा मिनिटं द्या. त्यांनी दिली. तांबडा, दोनेक वर्षांचा कोंबडा. पिसं कोरडीच उपटली आणि जागेप्रमाणे दोन कागदी पिशव्यांत ठेवली: मानेची वेगळी, पाठीवरून शेपटीच्या दोन्ही अंगांना लोंबणारी वेगळी. ही विभागणी तिथेच करावी. घरी आल्यावर कुठलं कुठचं ते शोधण्यात रात्र जाते.

मानेची पिसं रुंद, दांडीला ताठ. पाठीची निमुळती, लवचिक, सगळ्यात लांब साडेचार इंच. परदेशी फ्लायांतली याहून बरीच लांब असतात, पण कर्लीतल्या शेवट्याच्या पिल्लाची लांबी चार इंचांच्या आत-बाहेर. तेवढं पुरे.

मग जोड्या लावल्या. प्रत्येक पिसाला पोट आणि पाठ असते, आणि दांडी डावीकडे नाहीतर उजवीकडे किंचित वळलेली असते. लांबी, रुंदी आणि वळण सारखं असलेली डावी-उजवी पिसं एकमेकांसमोर हवीत. दिव्याखाली पांढऱ्या कागदावर मांडत बसलो. सत्तरेक पिसांतून तेरा जोड्या निघाल्या. अडीच तास लागले.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावातून ओळखीचा माणूस रात्री आला होता. माझं हे काम कळलं म्हणून मुद्दाम रानकोंबड्याच्या मानेची पिसं घेऊन आला. हातात घेऊन पाहिली. काळसर पिसाच्या टोकाशी पिवळट पांढरा ठिपका, मेणाचा थेंब गोठल्यासारखा, नखाने टकटक केलं तर आवाज येईल इतका कडक. जॉक स्कॉट हा सामन माशासाठीचा जुना फ्लाय याच पिसांनी सजतो. डिसीव्हरच्या सोबतच्या तिकिटांत तोही आहे. मी ती पिसं परत दिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला संरक्षण आहे. कायदा नसता तरी आमच्या रानातला हा पक्षी माशांच्या छंदापायी मरावा हे मला नको आहे. मोर, बगळा, रानकोंबडा यातलं काहीही माझ्या खोक्यात येणार नाही. गावठी कोंबडा आणि बोकड, बस.

२४ नोव्हेंबर

पकड आणि दोरा, दोन्हींत दिवस गेला.

गरी धरायला व्हाइस ग्रिप पक्कड घेतली, ३८० रुपये, आणि फणसाच्या ठोकळ्यावर उभी बसवली. पकडीच्या दातांनी गरीवर ओरखडे काढले. खाऱ्या पाण्यात गंज तिथूनच धरेल. कानशीने टोकाचे दात घासून सपाट केले आणि तांब्याच्या पत्र्याची पट्टी मध्ये घातली. आता गरी हलत नाही आणि ओरखडाही नाही.

शिलाईच्या पॉलिएस्टर दोऱ्याने डोकं फार जाड होतं. दहा वेढ्यांतच बोरासारखी गाठ दिसायला लागली. फ्लायसाठी हवा सपाट नायलॉन, २१० डेनियरचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. मालवणात जाळ्यांच्या दुकानात गेलो तर रिळांवर हाच छापलेला: २१०/२/३. म्हणजे २१० डेनियरचे दोन धागे एका पेडात, आणि असे तीन पेड. सुतळी दोन मीटर कापून उलटी पिळली की आतून सहा सुटे धागे निघतात, प्रत्येक नेमका २१० चा. रीळ १२० रुपयांचं. एका धाग्यात एक फ्लाय होतो. मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घ्यायचा, आणि ताण राहावा म्हणून टोकाला कपड्यांचा चिमटा लटकवायचा. ज्या खाडीत मासे धरायचे तिथल्याच जाळ्याचा हा धागा, याचा आज फार आनंद झाला.

१ डिसेंबर

रंगकाम. चार घाण्यांतले तीन वाया.

पहिला: कापडाला लावायचा पंधरा रुपयांच्या पुडीतला रंग. धुतल्यावर सगळा निघून गेला. तो सुती कापडाचा रंग. पीस हे केसांसारखं, लोकरीसारखं, त्याला तो धरत नाही. दुसरा: लिंबू रंगाचा खायचा रंग आणि व्हिनेगर. रंग धरला, पण डाग डाग, कारण पिसांवरचं तेल काढलं नव्हतं. तिसरा: भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुऊन मग रंगात टाकली, पण पाण्याला उकळी फुटली आणि दांड्या पिळवटल्या. चौथा जमला. बोट टिकणार नाही इतकं गरम, पण बुडबुडे नाहीत असं पाणी; लिटरला अर्धी वाटी व्हिनेगर; वीस मिनिटं; मग थंड पाण्यात खळबळून वर्तमानपत्रावर सावलीत.

हे सगळं पांढऱ्या पिसांवर. तांबड्या पिसांवर पिवळा दिसतच नाही, हे आधी सुचायला हवं होतं. त्यासाठी पांढरा गावठी कोंबडा जिवंत विकत घेतला, ६५० रुपये. घरी वडे झाले आणि पिसं मला मिळाली.

८ डिसेंबर

भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, खाडीत जाण्यात अर्थ नव्हता. पहिला फ्लाय बांधून काढला. दोन तास वीस मिनिटं.

बाहेर कपडे धुवायच्या टाकीत दोरीला बांधून ओढला तर भिंगरीसारखा फिरायला लागला. दोन्ही बाजूंची पिसं पाठीला पाठ लागली होती, त्यामुळे शेपूट कात्रीच्या दोन पात्यांसारखी फाकली. आणि डावीकडचा गठ्ठा उजवीकडच्यापेक्षा दोन वेढे पुढे बांधला गेला होता. ब्लेडने सगळं कापून काढलं आणि पुन्हा बांधलं. पोटं आत, समोरासमोर. दोन्ही गठ्ठे एकाच जागी, आधी धाग्याचा सपाट थर देऊन. दांडीच्या बुडाशी असलेली थोडी मऊ लव काढायची नाही, तिच्यामुळे पीस फिरत नाही. परत ओढला तर सरळ आला. आणि ओढ थांबवली तेव्हा पिसं हळूच श्वास सोडल्यासारखी उमलली, परत ओढल्यावर मिटली. चांगली दहा मिनिटं टाकीपाशी उभा होतो.

सतरा नोव्हेंबरला जोड्या लावण्यात गेलेले अडीच तास आज कामी आले. घाईत उचललेल्या पिसांचा दुसरा फ्लाय याच पद्धतीने बांधला, तो तरीही एका अंगाला कलतो. बांधणीत दोष नाही. पिसंच जोडीची नव्हती.

१५ डिसेंबर

पौर्णिमेचं उधाण. चार फ्लाय घेऊन गेलो आणि दोन गोष्टींनी हैराण झालो.

गऱ्या: पैसे वाचवायला लांब दोरीच्या मासेमारीतल्या गऱ्या घेतल्या होत्या, १४० रुपयांचं पाकीट. त्यांचं टोक बाजूला वळवलेलं असतं. आमिषासाठी ते चांगलंच, पण फ्लाय त्यामुळे कुशीवर पोहतो. पक्कडीने सरळ करायला गेलो, तीन गऱ्या कट्कन मोडल्या. पोलाद कडक असतं, ते वाकत नाही. शेवटी सरळ टोकाच्या स्टेनलेस गऱ्या मागवल्या, १/० आणि २/० मापाच्या, पंचवीस नग ५५० रुपये.

शेपूट अडकणं: पिसं फेकताना मागे वळून गरीच्या वाकात गुंडाळतात, आणि मग फ्लाय ओल्या चिंधीसारखा येतो. मोजलं. चाळीस फेकींत सतरा वेळा. म्हणजे जवळजवळ निम्मा वेळ मी खाडीत काहीच न टाकता उभा होतो.

२२ डिसेंबर

आठवडाभर रोज रात्री त्याच एका दोषावर काम. शेपूट गरीच्या दांड्याच्या अडीच पटीपेक्षा लांब ठेवली नाही. पिसं गरीच्या काट्याच्या बरोबर वर बांधली. मी ती त्याहून मागे, वाकाच्या उतारावर नेत होतो, तिथून ती खाली झुकत होती. सगळ्यात जास्त फरक पडला तो मानेच्या पिसांनी: आत दोन ताठ मानेची पिसं आणि बाहेर दोन्ही बाजूंना पाठीची तीन-तीन. मानेची पिसं मी टाकून द्यायला निघालो होतो. शिवाय ३० पौंडी नायलॉनचा लहान आडवा फास शेपटीखाली, पिसांना टेकू म्हणून. आज खाडीत परत चाळीस फेकी मोजल्या: चार वेळा.

झालरीचंही इथेच लिहितो. मूळ फ्लायला अमेरिकन हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपल्याकडे हरणाचा प्रश्नच येत नाही. खाटकाकडून पांढऱ्या बोकडाचे केस आणले. पहिली झालर दुसऱ्या फेकीतच निसटली, पूर्ण गोंडा हातात आला. केसांच्या बुडाशी बारीक लोकर असते, धागा तिच्यावर बसतो आणि केस मोकळे राहतात. बारीक फणीने ती लोकर निघून जाईपर्यंत विंचरायचं, मग बांधायचं, आणि पहिल्या चार वेढ्यांवर नेलपॉलिशचा थेंब. त्यानंतर एकही निसटली नाही. बोकडाचे केस पाण्यात मऊ हलतात, मला आवडले.

चकाकीला गणपतीच्या मखराची झिरमिळी वापरली होती. दोन दिवसांत खाऱ्या पाण्याने तिची चांदी उतरली आणि खाली पारदर्शक पट्टी उरली. आता साडीच्या काठाला लावतात ती प्लास्टिकची जर, चाळीस रुपये. दर बाजूला चारच तार. जास्त घातली तर पिसांची हालचाल झाकली जाते.

५ जानेवारी २०२५

आज मन खट्टू झालं. तांबड्या कोंबड्याची पिशवी उघडली तर तळाशी पिठासारखी भुकटी. किड्यांनी दांड्या कुरतडल्या होत्या, उरलेल्या नऊ जोड्यांतल्या सात गेल्या. ती पिसं मी धुतलीच नव्हती, कारण रंगवायची नव्हती. रंगवलेल्या पांढऱ्यांना काही झालं नाही. पिसं घरात आली की त्याच दिवशी साबणाने धुवा, पुरती वाळवा, बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, आणि मगच खोक्यात टाका. घरच्यांना आधी विचारा.

१२ जानेवारी

देवबागच्या बाजूला होडीतून. होडीवाले काका साठीच्या पुढचे, खाडीतला प्रत्येक खडक त्यांना माहीत. फ्लाय तळहातावर घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिला. "ह्या पिसार चोणक येतलो?" म्हणाले. त्यात टिंगल नव्हती, खरंच विचारत होते.

तासभर मी फेकत होतो, ते बघत होते. मग म्हणाले, "थांब मरे. सतत काय ओढतंस? शेवटो भियालो काय पयलो थांबता, मगे पळता."

दोन छोट्या ओढी आणि मोठा थांबा, असं सुरू केलं. सातव्या-आठव्या फेकीला मुळांपाशी पाणी आतून फुगलं, तो ओळखीचा 'बुप्' आवाज आला, दोरी ताणली, आणि सुटली. फ्लाय आत आला तेव्हा गरीचं टोक केसांत बुडालेलं होतं. झालर इतकी दाट बांधली होती की गरीच्या पोटात जागाच राहिली नव्हती. रात्री सगळ्या फ्लायांच्या खालच्या बाजूचे केस निम्मे कापले. झालर वर आणि बाजूंना हवी, खाली नावापुरती.

१९ जानेवारी

डोळे. बाहुलीचे चिकटवायचे डोळे आणि वर दोन नळ्यांचा इपॉक्सी. पहिल्या तिघांचा इपॉक्सी ओघळून एका गालावर जमला आणि तेवढ्या वजनाने फ्लाय कलला. घट्ट होईपर्यंत हातात धरून फिरवत राहावं लागतं, दर पाच-सहा सेकंदांनी अर्धा फेरा. एका वेळी एकच फ्लाय करा.

आजवरचा खर्च, कारण सगळे आधी तेच विचारतात: पक्कड ३८०, सुतळी १२०, रंग आणि व्हिनेगर १०५, कोंबडा ६५०, फुकट गेलेल्या गऱ्या १४०, स्टेनलेस गऱ्या ५५०, जर ४०, डोळे-इपॉक्सी-नेलपॉलिश २६०. एकूण २,२४५ रुपये. चौदा फ्लाय झाले, त्यातले अकरा पाण्यात टाकण्याजोगे. पुढच्या वीसेकांना फक्त गऱ्यांचा खर्च आहे. एका फ्लायला आता पस्तीस मिनिटं लागतात, पिसं आधी जोडून ठेवलेली असली तर.

२६ जानेवारी

भरती फिरून पाणी उतरायला लागलं होतं. पांढऱ्या-लिंबू पिसांचा २/० चा फ्लाय, लीडरच्या (दोरी आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक धाग्याच्या) टोकाला ५० पौंडी नायलॉनचा दीड फूट तुकडा, कारण चोणकाचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी. तिसरा थांबा. पिसं उमलली असतील असं मनात आलं, तेवढ्यात दोरी बोटांतून निसटली. चोणक एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, डोकं झटकलं, मग सरळ कांदळाकडे. काकांनी होडी बाहेर ओढली नसती तर तिथेच संपलं असतं.

पट्टीवर ६१ सेंटीमीटर. गरी जबड्याच्या कोपऱ्यात, स्वच्छ. चोणक लहानपणी नर असतात आणि वाढल्यावर मादी होतात; हा अजून त्या वळणावर पोचायचा होता. पाण्यात धरून ठेवला, शेपटीने हात झटकला आणि गेला. काका काही बोलले नाहीत. त्यांनी खोक्यातला एक फ्लाय मागून घेतला आणि टोपीला लावला.

२ फेब्रुवारी

त्या फ्लायची तपासणी केली. आठ पिसांतली तीन गेलीत. तुटलीत ती मधे नाही, बुडाशी, जिथे पहिला वेढा आहे तिथे, सुरीने कापल्यासारखी. भिंगातून पाहिलं. तिथे धागा सपाट नव्हता, पीळ बसून तारेसारखा गोल झाला होता आणि त्याने दांडी चिरली होती. गरीभोवती गुंडाळताना धाग्याला आपोआप पीळ चढतो. आता दर सात-आठ वेढ्यांनी थांबून चिमटा मोकळा सोडतो, तो उलटा गरगरतो, धागा परत सपाट दिसला की पुढे जातो. पहिले वेढे सैल, आवळणं तिसऱ्यापासून.

या पद्धतीने आज चार बांधले. एकेक पीस चिमट्यात धरून ओढून पाहिलं, एकही सुटलं नाही. टाकीत चारही सरळ चालले. दोन काकांना देणार आहे. त्यांना तांबडे हवे आहेत, आणि चांगल्या तांबड्या जोड्या दोनच उरल्या आहेत, म्हणून काकींकडे पुढचा कोंबडा सांगून ठेवला आहे.